यकृताच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या : माझा अनुभव

हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची (यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आल्या (म्हणजे कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी नाहीत), तरी पाच वर्षांत गाठ पुन्हा दिसण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर तपासण्यांची फाइल मी माझ्याकडेच ठेवली.

पहिली दोन वर्षं सर्वांत जोखमीची. या काळात आलेली गाठ बहुधा मूळ गाठीच्याच मागे राहिलेल्या पेशींची असते. नंतरची बऱ्याचदा सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या यकृतात नव्याने तयार होते. आम्हाला दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रिपल फेज सीटी (कॉन्ट्रास्ट देऊन तीन टप्प्यांत काढलेला) आणि रक्तातलं एएफपी (या कर्करोगात वाढू शकणारं प्रथिन), पुढे दर सहा महिन्यांनी, असं वेळापत्रक मिळालं. या दोन वर्षांत नुसत्या सोनोग्राफीवर भागवू नये.

चिठ्ठीवर फक्त 'पोटाचा सीटी' असेल तर स्कॅन सेंटरवर आधीच ट्रिपल फेज म्हणून सांगा. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) सोडल्यावर साधारण ३५ सेकंदांनी धमनीचा फेज, ७० सेकंदांनी पोर्टल शिरेचा, तीनेक मिनिटांनी शेवटचा. गाठ पहिल्या फेजमध्ये उजळते, नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट दिसते. पहिला फेज हुकला की लहान गाठ निसटू शकते. कॉन्ट्रास्ट वेगाने जावं लागतं, त्यामुळे मनगटावरची बारीक सुई चालत नाही. कोपराजवळ १८ किंवा २० नंबरची घालायला सांगा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून घ्या. किडनी कमजोर असेल आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल, तर ते कधी थांबवायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

एएफपीच्या एका आकड्यावर घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. शस्त्रक्रियेआधी ते वाढलेलंच नव्हतं, तर नंतर नॉर्मल आल्याने फारसं काही कळत नाही. हिपॅटायटिस उसळला तरी ते चढतं. पाहायची ती चढती रेघ, आणि तीही एकाच लॅबची, कारण किट बदललं की आकडा हलतो. त्याऐवजी पिव्का (याच कर्करोगासाठीची दुसरी रक्ततपासणी) सांगितली आणि रुग्ण वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेत असेल, तर ते आवर्जून कळवा. त्या गोळीनेच पिव्का वाढते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती जुन्या स्कॅनची सीडी. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. कापलेल्या कडेला साठलेलं पाणी किंवा व्रण नवीन रेडिऑलॉजिस्टला संशयास्पद वाटू शकतो. आधीची चित्रं शेजारी लावली की तो जुनाच आहे हे कळतं. सीडी स्कॅनच्या आधीच द्या आणि रिपोर्टमध्ये कोणत्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली ते लिहून मागा.

हिपॅटायटिस बी असेल तर गाठ निघाली म्हणून एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर (या विषाणूवरची औषधं) बंद करू नका. एन्टेकॅव्हिर जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचं, आणि पुढचे दोन तास काही खायचं नाही.