फ्लॉरेन्समध्ये मखमली झगा भाड्याने घेऊ नका

आधी पैशाचं सांगते, कारण परत येऊन तीन आठवडे झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये.

लेक सोळाची, धाकटा तेराचा. इटलीला जायचं ठरलं तेव्हा दोघांची एकच अट होती: नुसते पुतळे आणि चर्च नकोत, रेनेसाँच्या, म्हणजे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या, काळात आपल्या वयाची पोरं दिवसभर करायची काय ते दाखवा. अट मला आवडली. म्हणून पुण्यात बसूनच एका टूर कंपनीचा 'रेनेसाँमधला एक दिवस, सहकुटुंब' असा कार्यक्रम बुक करून टाकला. माणशी ९५ युरो, चौघांचे ३८०. त्यात त्या काळचे पोशाख, गाइड, 'मेदिची घराण्याचं जेवण' आणि उफ्फिझी व बार्जेल्लो या दोन संग्रहालयांची चौघांची तिकिटं.

मे महिन्याची अखेर, पारा एकतीसवर आणि अंगात पडद्याच्या कापडाचा मखमली झगा. माझ्या झग्याला पाठीवर नायलॉनची चेन होती आणि काखेत आदल्या दिवशीच्या कुणाच्या तरी घामाचा वास. हे घालून पियाझ्झा देल्ला सिन्योरिया हा चौक ते पोन्ते वेक्कियो हा पूल असं उन्हात फिरवलं. लोक फोटो काढत होते. आमचे. मग जेवण. 'लोरेन्झो मेदिचीचा आवडता पदार्थ' म्हणून समोर आला टोमॅटोच्या रश्श्यातला पास्ता. लोरेन्झो, म्हणजे त्या वेळचा फ्लॉरेन्सचा सर्वेसर्वा, गेला एप्रिल १४९२ मध्ये आणि कोलंबसाची जहाजं स्पेनहून निघाली ऑगस्टमध्ये. टोमॅटो अमेरिकेतला. हे धाकट्याने भर जेवणात मोठ्याने सांगितलं. गाइड पोरगी बिचारी लाल झाली. तिच्यावर माझा राग नाही, तिला जे पाठ करून दिलं ते ती म्हणत होती.

खरा धक्का उफ्फिझीच्या दारात. स्कॅन झालेली तिकिटं हातात आली तेव्हा नवऱ्याने सहज उलटून पाहिली. मुलांच्या दोन्ही तिकिटांवर किंमत छापलेली: ०.०० युरो. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्यांना तिकीटच नसतं, मग ती कुठल्याही देशाची असोत. आमच्या पावतीवर मात्र 'प्रवेश तिकिटे, ४' असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि चारांचे पूर्ण पैसे लावले होते.

तर हे लिहून ठेवा. उफ्फिझी, आकादेमिया, बार्जेल्लो, दावान्झाती: मुलं फुकट. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. उफ्फिझीची वेळ आधी राखून ठेवायची तर आरक्षणाचा किरकोळ आकार पडतो, तेवढाच. सोमवारी उफ्फिझी आणि आकादेमिया बंद. महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांनाच फुकट असतो, आणि नेमकं म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका. हे सगळं कुणा एजंटाकडून करून घेण्यासारखं काहीही नाही.

त्या रात्री नवरा म्हणाला, जाऊ दे, पैसे गेले. मी जाऊ देणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपली वाट आपण आखली, आणि पोरांना जे हवं होतं ते तिथे सापडलं.

पलाझ्झो दावान्झाती. फ्लॉरेन्समध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर ही. चौदाव्या शतकाच्या मध्यात बांधलेलं एका व्यापारी कुटुंबाचं उंच, अरुंद घर. संग्रहालय आहे, पण वाटतं घरच. आमची चूक अशी झाली की सकाळी उठून थेट गेलो. वरचे मजले ठरावीक वेळीच, त्यांच्या माणसाबरोबरच बघता येतात. आम्हाला खालचंच बघून परतावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी वेळ घेऊन पुन्हा जावं लागलं. खालचं बघून 'झालं' म्हणू नका. खरा माल वर आहे.

स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर. धूर घरभर होऊ नये, आणि आग लागलीच तर खालचं घर वाचावं म्हणून. विहीर घरातच, आणि तिचा चौकोनी बोगदा तळापासून वरपर्यंत गेलेला. प्रत्येक मजल्यावर त्याला एक दार, दारात कप्पी. बादली सोडायची, ओढायची. लेकीने त्या दारातून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "पण आई, ओढायचं कोणी?" तिच्याच वयाच्या, तिच्याहून लहानही मुलींनी. गरिबाघरच्या पोरी आठव्या-दहाव्या वर्षी मोठ्या घरी कामाला ठेवायचे. पगार हातात नाही, वर्षानुवर्षं राबल्यावर शेवटी लग्नासाठी हुंडा मिळेल असा करार. पोपटांच्या चित्रांची ती प्रसिद्ध खोली सुंदर आहे, पण लेक तिथे दोन मिनिटंही थांबली नाही. विहिरीपाशी पंधरा मिनिटं होती. धाकट्याला आवडली ती तळमजल्याच्या छतातली झाकणं: शत्रू दारात शिरला तर वरून डोक्यात काहीबाही टाकायची सोय.

जिने उभे आहेत. गुडघ्यांची तक्रार असेल तर आधीच विचार करा. बाकी फ्लॉरेन्सभर दगडी फरसबंदी आहे, चांगले बूट लागतात हे तुम्हाला माहीत असेलच.

तिथून सांता मारिया नोव्हेला हे चर्च. मुख्य वेदीमागच्या तोर्नाबुओनी चॅपेलच्या भिंती गिरलांदायो या चित्रकाराने १४८५ ते १४९० या काळात रंगवल्या. मेरीच्या जन्माच्या चित्रात सोनेरी जरीच्या झग्यातली एक मुलगी ताठ उभी आहे. ती लुदोविका तोर्नाबुओनी, पैसे देणाऱ्याची लेक, चौदाच्या आसपासची. समोरच्या भिंतीवर तिची वहिनी जोव्हान्ना. १४८६ मध्ये लग्न, १४८८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. चित्र पुरं व्हायच्या आधीच. या शहराने मुलींच्या हुंड्यासाठी १४२५ मध्ये चक्क सरकारी फंड काढला होता, मोन्ते देल्ले दोती. मुलगी पाचेक वर्षांची असताना बापाने पैसे भरायचे, लग्नाच्या वेळी वाढून मिळायचे. मुलगी पंधरा-अठराची, नवरा तिशीचा, हा रिवाज. माझ्या लेकीने हिशेब केला, "म्हणजे माझी पॉलिसी मॅच्युअर झाली असती." हसलो आम्ही, पण ती नंतर बराच वेळ गप्प होती.

धाकट्यासाठीही याच भिंती. हे काम चालू असताना १ एप्रिल १४८८ ला तेरा वर्षांचा एक मुलगा गिरलांदायोकडे उमेदवारीला लागला. करार तीन वर्षांचा, पहिल्या वर्षी ६ फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं), दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १०. मुलगा म्हणजे मायकेलअँजेलो. चिरंजीवांचा प्रश्न: "मला पॉकेटमनी किती आहे?" विषय बदलला. मायकेलअँजेलोने सोळा-सतराव्या वर्षापर्यंत कोरलेले दोन संगमरवरी उठावाचे पाट व्हिया गिबेलिनावरच्या कासा बुओनारोतीत आहेत. छोटी जागा, गर्दी नाही, जाच.

आता ओस्पेदाले देल्ली इनोचेंती. हे सरकारी नाही, इथे मुलांचंही तिकीट पडतं, आणि ते मी आनंदाने दिलं. टाकून दिलेल्या बाळांसाठी रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने उभारलेलं घर. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४१९ मध्ये बांधायला घेतलं. ५ फेब्रुवारी १४४५ ला पहिली मुलगी आली, तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. संग्रहालयाच्या तळघरात भिंतभर छोटे खण आहेत, ओढून उघडायचे. आत आईबापांनी बाळासोबत ठेवलेल्या खुणा: मणी, कापडाचा तुकडा, आणि मधोमध कापलेली पदकं. अर्धं बाळाजवळ, अर्धं आईजवळ, कधी परत नेता आलं तर पटावं म्हणून. मांडलेल्या वस्तू बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, पण रीत जुनी. लेकीने एक खण उघडला, अर्धं पदक बघितलं आणि इतक्या हळू बंद केला की आवाज झाला नाही. पोरं मोठी झाली की मुलगे कारागिरांकडे उमेदवारीला, मुली आतच कातायला-विणायला, मग लग्न, घरकाम नाहीतर मठ. इथे निदान दोन तास द्या. आम्ही पाऊण तास ठेवला होता, वेडेपणा.

यानंतर पाय दुखत होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि तशातच सांता त्रिनिता चर्चमध्ये शिरलो. प्रवेश फुकट. सास्सेत्ती चॅपेल अंधारात असतं, यंत्रात नाणं टाकलं की दिवा लागतो आणि भलत्या क्षणी विझतो. सुटी नाणी घेऊनच जा. दिवा लागला तर समोर भिंतीवरच्या चित्रात लोरेन्झोची तीन पोरं शिक्षकाबरोबर जिना चढून वर येताना. त्यातला जोव्हान्नी तेराव्या वर्षी कार्डिनल झाला. पुढे पोप. म्हणजे वशिला ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

पण मी हरखले ते वेगळ्याच गोष्टीने. या चर्चच्या शेजारी चौदाव्या शतकात हिशेबाची नामांकित शाळा होती. मुलगे दहाव्या-अकराव्या वर्षी तिथे यायचे, दोनेक वर्षं व्याज, नफा-तोटा, नाण्यांची बदलाबदल घोकायचे. पुढे राजनीतीवर लिहून गाजलेल्या निकोलो माकियावेल्लीलाही त्याच्या बापाने असंच १४८० मध्ये हिशेबाला घातलं होतं. आणि शिकायचे काय, तर 'तिनाचा नियम', म्हणजे आपलं त्रैराशिक! पिसाच्या लेओनार्दोने, ज्याला फिबोनाची म्हणतात, १२०२ मध्ये पुस्तक लिहिलं त्यात १ ते ९ या अंकांना सरळ 'भारतीयांचे नऊ अंक' म्हटलंय. आणि फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हेच अंक चोपडीत लिहायला बंदी केली होती. शाळेचं आज तिथे काही उरलेलं नाही, बाहेर महागड्या कपड्यांची दुकानं आहेत. तरी मी पायऱ्यांवर बसून दोघांना त्रैराशिकाचं एक गणित घातलं. चार झग्यांचे ३८० तर दोघांचे किती. हो, अजून राग होता.

याच सास्सेत्ती घराण्यातला फिलिप्पो सोळाव्या शतकात मिऱ्यांच्या व्यापारासाठी कोचीला आणि गोव्याला येऊन राहिला. १५८८ मध्ये गोव्यातच गेला. त्याने घरी लिहिलं की इथल्या पंडितांच्या भाषेतले शब्द आपल्यासारखे वाटतात: सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोव्हे. तेव्हापासून धाकटा प्रत्येक जिना इटालियनमध्ये मोजतोय. कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्याही. घुमटाला लिफ्ट नाही, वेळ आधी घ्यावी लागते, आपल्या विषयाशी संबंध नाही. वेळ कमी असेल तर खुशाल सोडा.

जवळच्या सिएना शहरातला दिवस मस्त गेला. लुक्काचाही.

खाण्याबद्दल एकच. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसले तर भांडू नका. ते टेबलाचे असतात आणि मेनूवर छापलेले असतात. मी भांडले. मेनू दाखवला त्यांनी.

टूर कंपनीला मी दोन शून्य किमतीच्या तिकिटांचे फोटो जोडून पत्र पाठवलं. काल उत्तर आलं. पैसे परत मिळणार नाहीत, पण पुढच्या वेळी झगे मोफत.