इनिश ईर : शेवटची बोट जाऊ द्या

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी आरन नावाची तीन बेटं आहेत. मोठं इनिश मोर, मधलं इनिश मान आणि आकाराने सगळ्यात लहान इनिश ईर. लांबी-रुंदी जेमतेम तीन-तीन किलोमीटर, वस्ती सुमारे साडेतीनशे. घरात, दुकानात, धक्क्यावर बोलायची भाषा आयरिश. बहुतेक पर्यटक सकाळी अकराच्या सुमारास उतरतात, सायकल किंवा टांगा घेतात, गंजलेल्या जहाजासमोर फोटो काढतात आणि चार-पाचच्या बोटीने परततात. मला विचाराल तर एक रात्र राहणार नसाल तर इथे येण्यात अर्धाच अर्थ आहे. दिवसभर बेट पाहुण्यांशी इंग्रजीत बोलतं. शेवटची बोट सुटली की ते आपल्या भाषेवर येतं.

आधी कागदपत्रांचं बघू, कारण आपल्याकडचे लोक अडकतात ते इथेच. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-रोमसाठी काढलेला व्हिसा डब्लिनला चालत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची एक सामाईक सोय आहे. अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असला तर त्या एकाच व्हिसावर दोन्ही देश करता येतात. अट एवढीच, की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. लंडनला नातेवाईक असलेल्या मंडळींनी ब्रिटनचा व्हिसा हातात आल्यावर हा शेरा डोळ्यांनी बघून घ्यावा. सामानात घरचं तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या भरू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना वैयक्तिक सामानातूनही दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेलातली चकली, चिवडा, कोरडी चटणी यांना अडचण नाही. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर लागतोच.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेला रेल्वेने साधारण अडीच तास लागतात. तिथून बेटावर जायच्या वाटा तीन. पहिली रॉस-अ-वील बंदरातून. हे बंदर गॉलवेच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथली बोट बाराही महिने चालते. शहरातून बंदरापर्यंत बोटीच्या वेळेला जुळणारी बस असते, पण तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि ती बोटीच्या बऱ्याच आधी सुटते. दुसरी वाट डूलिनची. हे क्लेअर परगण्यातलं गाव बेटापासून फक्त आठ किलोमीटरवर, जलद बोटीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मात्र ही सेवा वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच. गॉलवेहून डूलिनला बस आयरन कंपनीची ३५० क्रमांकाची बस जाते आणि तीच पुढे मोहेरच्या उंच समुद्रकड्यांना. तिसरी वाट गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारा भागातल्या छोट्या विमानतळावरून. दोन पंख्यांच्या विमानात नऊच प्रवासी बसतात, दहा मिनिटांच्या आत बेट येतं. चढण्यापूर्वी सामानाबरोबर तुमचंही वजन होतं आणि कोण कुठे बसणार हे त्यावर ठरतं. लाजायचं कारण नाही, इतक्या लहान विमानात तोल सांभाळणं पायलटचं काम असतं.

बोट रद्द होते ती पावसामुळे नाही, लाटांमुळे. डूलिनचा धक्का पश्चिमेच्या उघड्या समुद्राला तोंड करून आहे. आकाश निळं, वारा पडलेला, आणि तरी लांबवर अटलांटिकमध्ये झालेल्या वादळाच्या उंच लाटा किनाऱ्यावर येत असतात. धक्क्याला बोट टेकवता येत नाही म्हणून फेरी बंद. त्यामुळे बेटावरून परतण्याच्या दिवशीच डब्लिनचं विमान ठेवू नये, मध्ये एक दिवस मोकळा सोडावा. आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी बोटवाल्यांची सूचना बघावी. डूलिनची बोट नसेल त्या दिवशी रॉस-अ-वीलची असू शकते, कारण ते बंदर आडोशाला आहे. मात्र दोन्ही बोटी एकाच मालकाच्या नसल्या तर एकीचं तिकीट दुसरीवर चालणार नाही. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या आणि मागच्या बाजूला, उघड्यावर बसा. बोटीच्या पुढच्या टोकाला आदळणं जास्त.

धक्क्यावर उतरताच टांगेवाले आणि सायकलवाले भेटतात. धडधाकट माणसाने पायीच जावं. पूर्ण फेरी दहा-बारा किलोमीटरची होते, थांबत-थांबत चार-पाच तास. धक्क्यावरून पूर्वेला निघालात की पांढऱ्या वाळूची पुळण लागते. वाळूच्या वरच्या अंगाला उलट्या घातलेल्या काळ्या होड्या दिसतील, त्यांना आयरिशमध्ये करख म्हणतात. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून त्यावर डांबर फासलेलं. पूर्वी कॅनव्हासच्या जागी कातडं असे. वल्ही बघा. त्यांना पातं जवळजवळ नसतंच, सरळ दांडकंच. वल्ह्याला मधोमध लाकडाचा भोक पाडलेला ठोकळा असतो, तो काठावरच्या खुंटीवर बसतो. त्यामुळे हात सुटला तरी वल्हं समुद्रात जात नाही, आणि पातं अरुंद असल्याने लाटेत अडकत नाही. धक्के नव्हते त्या काळी दोघं-तिघं ही होडी डोक्यावर पालथी घेऊन वाळूतून चालत.

पाणी नितळ आणि जुलैतही गार. पोहायला उतरलात आणि डॉल्फिन जवळ आला तर कौतुक न करता बाहेर या. काही वर्षांपूर्वी याच भागात एकट्या राहणाऱ्या डॉल्फिनने पोहणाऱ्यांना जखमी केलं होतं.

पुळणीच्या पुढे, धावपट्टीलगत, कब्रस्तानाच्या टेकाडात टेंपल क्वीव्हॉन हे जुनं चर्च जमिनीच्या पातळीखाली आहे. चर्च खचलेलं नाही, वाळू वर चढली आहे. बेटाच्या संताचा सण १४ जूनला असतो आणि त्याच्या आधी गावकरी दरवर्षी वाळू उपसून भिंती मोकळ्या करतात. वारा इथे काय करतो त्याचा दुसरा पुरावा धक्क्याजवळच आहे. क्नॉक रॅन्नी हा कांस्ययुगातला दफनाचा उंचवटा १८८५च्या वादळात वाळू उडाल्यावर उघडा पडला.

तिथून पूर्व किनाऱ्याने गेलात की प्लासी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी बांधलेलं हे जहाज नंतर मालवाहू झालं. ८ मार्च १९६०च्या वादळात ते किनाऱ्याजवळच्या फिनिश खडकावर आदळलं. आत ११ माणसं होती आणि सगळी वाचली, ती बेटावरच्या बचाव पथकामुळे. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. किनाऱ्यावरून रॉकेट सोडतात, त्याच्या मागे बारीक दोरी जहाजापर्यंत जाते. जहाजावरचे लोक ती ओढतात, तिच्यामागून कप्पी आणि कप्पीतून फिरणारी दुहेरी दोरी येते. मग त्या दोरीने जाड दोरखंड नेऊन डोलकाठीला उंच बांधतात. दोरखंडावर एक जीवरक्षक कडं लोंबतं, त्याला कॅनव्हासची आखूड चड्डी शिवलेली. माणसाने पाय घालून बसायचं आणि किनाऱ्यावरच्यांनी ओढायचं. एका वेळी एकच. जहाज डोलत असताना दोरखंड कधी ताणतो, कधी सैल पडतो, म्हणून किनाऱ्यावर तो सतत सांभाळायला भरपूर माणसं लागतात. पुढे काही आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या वादळाने रिकामं जहाज उचलून गोट्यांच्या किनाऱ्यावर आणून ठेवलं, आणि २०१४च्या जानेवारीतल्या वादळाने ते पुन्हा जागचं हललं. पत्रा कुजून कात्रीसारखा झाला आहे. आत शिरू नका.

प्लासीच्या पुढे दक्षिणेला १८५७चं दीपगृह आहे. एरवी ते बंदच असतं आणि वाट दगडगोट्यांची आहे, त्यामुळे सायकल जहाजाशीच ठेवलेली बरी. इथून आग्नेयेला पाहिलं तर मोहेरचे कडे आडवे दिसतात. कड्यांवर गर्दीत उभं राहून त्यांची उंची कळत नाही, ती इथून कळते.

आता गडगे, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय नुसते दगड रचून केलेल्या शेतांच्या भिंती. आरनच्या तिन्ही बेटांवर मिळून दोन हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कोरड्या दगडांचे गडगे आहेत असा अंदाज दिला जातो. कोकणातला गडगा रुंद आणि ठासलेला असतो. इथला बहुतेक ठिकाणी एकाच दगडाच्या जाडीचा आणि आरपार दिसणारा. एका प्रकारात मोठे दगड ठराविक अंतराने उभे रोवतात, मधे बारीक दगड भरतात आणि वरच्या भागात पुन्हा मोठे दगड सैलसर, फटी ठेवून. फटी ठेवल्या म्हणून वारा गाळला जातो आणि भिंत उभी राहते. भरीव भिंतीवर अटलांटिकचा वारा पूर्ण जोराने आपटतो आणि आडोशाच्या बाजूला भोवरेही उठतात. शेताला दार नसतं. झाडंच नाहीत तर फाटकाला लाकूड कुठलं! गुरं आत घ्यायची असतील तर मालक गडग्याचा ठरलेला तुकडा उतरवतो, गुरं आत गेली की तेच दगड परत रचतो. दारासाठी राखलेल्या या तुकड्यातले दगड गोलसर, हलके निवडलेले असतात, नीट पाहिलं तर ओळखू येतात. कोरड्या दगडांच्या बांधकामाची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१८मध्ये आली आणि २०२४मध्ये त्यात आयर्लंडही सामील झालं. पर्यटकांसाठी नियम सोपा : गडग्यावर चढू नका. एक दगड सुटला की पाच-सात फूट लांबी खाली येते आणि ती रचायला एका माणसाचा अर्धा दिवस जातो.

खाली सगळा चुनखडकाचा कातळ, भेगांनी चिरलेला. पाऊस भरपूर, पण पडतो तसा भेगांतून खाली जातो, म्हणून उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. अंघोळ आटोपशीर करा. शेतांत सिमेंटचे उतरते कट्टे दिसतात, त्यांच्या पायथ्याशी कुंड. ती गुरांसाठी पावसाचं पाणी धरायची सोय. मातीही मुळची नाही. भेगा बारीक दगडांनी बुजवायच्या, वर वाळू आणि समुद्री शेवाळाचे थर एकाआड एक घालायचे, आणि त्यात बटाटा. एप्रिलअखेर ते मे या काळात याच कातळावर निळी जेन्शियन फुलं येतात. भेगांच्या सावलीत हंसराजाच्या कुळातलं नाजूक नेचं वाढतं. सह्याद्रीतल्या ओल्या दरडी पाहिलेल्यांना ते लगेच ओळखू येईल.

उरलेल्या वेळात गावाच्या वरच्या अंगाचा ओब्रायन घराण्याचा गढीवजा बुरूज पाहावा. चौदाव्या शतकातला हा बुरूज त्याहून जुन्या दगडी कोटाच्या आत बांधला आहे. १६५२मध्ये तो इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याच्या हाती गेला. तटावरून शेतांचं जाळं एका नजरेत दिसतं. पश्चिमेला संत एन्डाची विहीर आहे. प्रदक्षिणा घालायची पद्धत आपल्यासारखीच, उजवी बाजू आत ठेवून, सात फेऱ्या, मोजायला सात खडे. गर्दी जहाजाकडे जाते, इकडे कोणी फिरकत नाही.

मुक्कामाचं मात्र आधी ठरवा. जून ते ऑगस्ट देशभरातली मुलं आयरिश शिकायला तीन-तीन आठवडे गावातल्या घरांत राहतात, त्यामुळे खोल्या उन्हाळ्यात लवकर भरतात. मे आणि सप्टेंबर सोयीचे. जूनअखेर सूर्य रात्री दहानंतर मावळतो, डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारासच. रोख युरो बरोबर ठेवा, एटीएमच्या भरवशावर येऊ नका. शाकाहाऱ्यांनी ‘आजचं सूप’ मागवण्याआधी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारावं. भाजीचं सूपही कोंबडीच्या स्टॉकमधलं असू शकतं, आणि चाउडर म्हणजे मासेच. जाड तपकिरी पाव आणि बटाटा बहुधा मिळतो. स्वच्छतागृहावर ‘फिर’ म्हणजे पुरुष आणि ‘म्नॉ’ म्हणजे स्त्रिया. रोमन ‘एफ’ बघून आत शिरणारे आणि ‘एम’ बघून थबकणारे दर मोसमात असतात.

स्वेटर घेताना लेबलवर ‘हाताने विणलेला’ आहे की नुसतंच ‘आरन’, ते पाहा. बहुतेक माल यंत्रावरचा असतो आणि त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत त्याप्रमाणे हवी. नक्षीवरून बुडालेल्या कोळ्याचं घराणं ओळखायचे, ही दुकानातली गोष्ट ऐकून सोडून द्या. ही उठावदार वीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे.

संध्याकाळी पबमध्ये आधी आयरिशमध्ये नमस्कार करा, ‘जीया ग्वित’, आणि आभाराला ‘गुरा मा अगत’. उच्चार चुकेल, कोणी हसत नाही. समोरचा तुमच्याशी इंग्रजीत येईल, पण शेजारच्याशी आयरिशमध्येच बोलत राहील, आणि ते कानावर पडू द्यायला तर थांबायचं. मध्येच ‘याचा अर्थ काय’ विचारत बसू नका. फोन टेबलावर ठेवून संभाषण ध्वनिमुद्रित करू नका. पबमध्ये वादक गोल करून बसलेले असले तर त्यांच्यातली रिकामी खुर्ची बहुधा कोणाची तरी राखलेली असते.

परतताना डूलिनची बोट घेणार असाल तर कड्यांच्या पायथ्याखालून जाणारी फेरी जोडून मिळते का बघा. त्या बोटीवर कडे डावीकडे की उजवीकडे येणार, ते चढतानाच खलाशाला विचारून त्या बाजूला बसा.