नऊ महिने सात दिवस

रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. दुपारीच तिनं गोड बातमी कळवली होती, त्यामुळे मला वाटलं आनंद अजून उतू चाललाय. पण आवाज दबका होता.

"ताई, एक विचारू? हसायचं नाही हं. डॉक्टर म्हणाल्या, सहा आठवडे झाले. पण सहा आठवड्यांपूर्वी हा इथे नव्हताच गं! कामासाठी बाहेरगावी होता. परत येऊन जेमतेम महिना झालाय."

"मग त्याचं काय म्हणणं?"

"काही म्हणत नाही. पण मगाशी गॅलरीत उभा राहून बोटं मोजत होता."

हसायचं नाही म्हणाली होती, तरी हसलेच. मग तिला सांगितलं, की गरोदरपण सहा आठवड्यांचं आहे आणि बाळ चार आठवड्यांचं. दोन्ही खरं आहे. वैद्यकाचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे चाळीस आठवड्यांतल्या पहिल्या दोन आठवड्यांत बाळ नसतंच. ज्या बीजापासून ते व्हायचं, ते बीजसुद्धा अजून बाहेर पडलेलं नसतं.

"म्हणजे मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून कण्हत होते, तेव्हा कागदोपत्री गरोदर होते?"

"होतीस."

"धन्य आहे!"

धन्य आहे खरी, पण या उफराट्या रीतीला कारण आहे. गर्भ नेमका कधी राहिला हे आईलाही कळत नाही. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे अमुक रात्रीची आठवण असली, तरी तीच रात्र गर्भधारणेची असेल असं नाही. या सगळ्या अदृश्य कारभारात डोळ्यांना दिसलेली आणि तारीख सांगता येईल अशी एकच घटना असते, ती म्हणजे पाळी. तीही सांगता येईलच असं नाही. "शेवटची पाळी कधी आली होती?" असं डॉक्टरांनी विचारलं की भल्याभल्या बायका छताकडे बघायला लागतात.

तारीख मिळाली की पुढचा हिशेब बोटांवर होतो. पाळीच्या पहिल्या दिवसातून तीन महिने मागे जायचं, सात दिवस पुढे यायचं आणि वर्ष पुढचं धरायचं. हा नियम फ्रान्झ नेगेले या हायडेलबर्गच्या प्रसूतितज्ज्ञाच्या नावानं ओळखला जातो. नेगेलेचा काळ १७७८ ते १८५१. हिशेबाची कल्पना त्याच्याही आधीची, हर्मन बुरहावे या डच वैद्याची. गंमत म्हणजे, मोजायला पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची की शेवटच्या, हे त्या जुन्या लिखाणात धड स्पष्ट नाही. पहिला दिवस पुढे रूढ झाला. जगभरच्या बायका ज्या तारखेकडे डोळे लावून बसतात, तिच्या पायातच अशी चार-पाच दिवसांची फट आहे.

तीन महिने मागे आणि वर्ष पुढे, म्हणजे सरळ भाषेत नऊ महिने पुढे. त्यावर सात दिवस. नऊ महिने सात दिवस! हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा थबकलेच. आपल्याकडे बोलताना सहज म्हणतात ना, "नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं." मला आजवर तो नुसता यमकासारखा नाद वाटायचा. नवाला नऊ जोडला, कानाला बरं वाटलं, झालं. पण नेगेलेसाहेबांपेक्षा फरक फक्त दोन दिवसांचा! आता हे नऊ महिने कुठून मोजायचे ते आपली म्हणही सांगत नाही, त्यामुळे फार ताठ मानेनं फिरण्यात अर्थ नाही. तरी मी दोन दिवस फिरले.

माझ्या पहिल्या वेळी या हिशेबांनी चांगलीच फुगडी घातली होती. शेवटची पाळी ३ मार्चची. फोनमधल्या अ‍ॅपनं २८० दिवस मोजून ८ डिसेंबर सांगितली. डॉक्टरांनी बोटांवर मोजून फाइलवर १० डिसेंबर लिहिली. दोघांचंही बरोबर होतं. महिने कधी तिशीचे, कधी एकतिशीचे, त्यामुळे नऊ महिने सात दिवस म्हणजे कधी २८० दिवस भरतात, कधी २८३. आईनं तिच्या म्हणीप्रमाणे १२ काढली. आणि पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावर छापून आली १३.

"मग धरायची कुठली?" मी डॉक्टरांना विचारलं.

"आठवड्याच्या आतला फरक आहे, आपली १० राहू दे," असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. जणू भाजीवाल्याशी घासाघीस मिटवली.

खरं तर सुरुवातीची सोनोग्राफी या बाबतीत बरीच भरवशाची. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गोष्टी ध्वनिलहरींनी पाहता येतात हे दाखवलं, आणि १९७३ मध्ये तिथल्याच रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय काढण्याची पद्धत मांडली. पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळपास एकाच चालीनं वाढतात. सातव्या आठवड्यात सेंटिमीटरभर, चौदाव्याच्या तोंडाशी आठ-साडेआठ सेंटिमीटर. तेव्हा लांबी पाहिली की वय कळतं. पुढे मात्र जो तो आपापल्या घराण्यावर जातो. कुणी आजोबांसारखा थोराड, कुणी मावशीसारखी चणीनं लहान. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख काढणं म्हणजे उंची पाहून दहावीतल्या मुलाचा वाढदिवस ओळखणं. म्हणून एकदा सुरुवातीला ठरलेली तारीख डॉक्टर नंतर सहसा हलवत नाहीत. आपण मात्र दर सोनोग्राफीला छापलेली नवी तारीख पाहून नव्यानं दचकतो.

शिवाय २८० दिवसांचा हिशेब २८ दिवसांचं चक्र आणि चौदाव्या दिवशी बीज, असं गृहीत धरून चालतो. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीजच आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणून तिची तारीखही आठवडाभर पुढे जायला हवी. हे कुणी विचारलं नाही, तर तिचं बाळ बिचारं उगाच 'उशिरा' ठरतं.

पण समजा, सुरुवात अगदी अचूक कळली, तर? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच केलं होतं. बायकांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून बीज कुठल्या दिवशी सुटलं ते शोधलं आणि तिथून जन्मापर्यंतचे दिवस मोजले. अशी १२५ गर्भारपणं. मधला आकडा निघाला २६८ दिवस. आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वगळूनसुद्धा सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात लांबलेल्या गर्भारपणात फरक होता ३७ दिवसांचा! पाच आठवड्यांहून जास्त. म्हणजे घोळ आपल्या मोजणीत आहे तेवढाच बाळांच्या मर्जीतही आहे. दिलेल्या तारखेला शंभरातली चार-पाचच जन्माला येतात, हे कळल्यावर मला त्या चार-पाचांचंच नवल वाटलं.

महिन्यांचा घोळ तर वेगळाच. डॉक्टर आठवड्यांत बोलतात, बाकी सगळं जग विचारतं, "कितवा महिना?" चोविसावा आठवडा संपला की आपण चारानं भागून 'सहा महिने झाले' म्हणून मोकळे होतो. पण चोवीस आठवडे म्हणजे १६८ दिवस, साडेपाच महिने. चारानं भागत गेलं तर चाळीस आठवड्यांचे दहा महिने होतात आणि नऊ महिन्यांची म्हण खोटी पडते. त्यात आपल्याकडे 'सातवा लागला' आणि 'सातवा सरला' यांत अख्ख्या महिन्याचं अंतर. मी शेवटी "डिसेंबर" एवढंच उत्तर द्यायला लागले होते.

डिसेंबर आला. ८ गेली, १० गेली, १२ गेली, १३ गेली. प्रत्येक तारखेला कुणाचा ना कुणाचा फोन. "काय, अजून नाही?" जणू मीच अडवून धरलं होतं. ज्या तारखेला डॉक्टर 'अपेक्षित' म्हणतात तिला घरचे 'शेवटची मुदत' म्हणतात. वास्तविक ३९ ते ४१ आठवड्यांपर्यंत पूर्ण दिवसांचं धरतात आणि ४२ ओलांडले की मगच खऱ्या अर्थानं दिवस उलटून गेले म्हणायचं. डॉक्टर शांत होत्या. तपासत होत्या, हालचाल विचारत होत्या. "दोन दिवस बघू, नाहीतर कळा आणू," म्हणाल्या. आई त्यांच्याहून शांत. तिचं एकच पालुपद, "दिवस भरल्याशिवाय कसं येईल ते?"

त्या दिवसांत करण्यासारखं काही नसल्यामुळे मी या शब्दाचाच विचार करत बसायचे. मराठीत गरोदरपणाचं सगळं दिवसांवर चालतं. गर्भ राहिला की 'दिवस गेले'. गंमत अशी की 'दिवस राहिले' म्हटलं तरी अर्थ तोच! गेले काय, राहिले काय, पोटुशी ती पोटुशीच. मला वाटतं गेले ते पाळीचे दिवस असावेत, ठरल्या वेळी न येता नुसतेच निघून गेलेले. असं असेल तर आपली भाषाही डॉक्टरांसारखीच पाळीवरून मोजते. आणि शेवटी दिवस 'भरतात', माठ भरावा तसे. माठ किती वाजता भरला, असं कुणी विचारत नाही.

मुलगी १७ तारखेला पहाटे झाली. कळा आपल्या आपणच आल्या. अ‍ॅपच्या हिशेबानं नऊ दिवस उशीर. आई म्हणाली, "बघ, नऊ दिवस." तिला कोणते नऊ म्हणायचे होते ते मी विचारलं नाही.

हे सगळं बहिणीला सांगेपर्यंत साडेअकरा वाजले. मध्येच तिनं फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण चार आठवड्यांचा मुद्दा मी दुसऱ्यांदा समजावला तेव्हा पलीकडे कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "ताई, सगळं समजलं त्याला. पंधरा दिवस इकडेतिकडे होऊ शकतं, तारीख म्हणजे अंदाज, सगळं. आता फोनमध्ये त्या तारखेचा अलार्म लावून बसलाय."

"कितीचा?" मी विचारलं.

"सकाळी सातचा."