बेलवरचं आडनाव

तीन आठवड्यांसाठी ठाण्याला, नौपाड्यात आईकडे आलेय. काल सकाळी शेजारच्या काकू बेल न वाजवताच आत आल्या, ओट्यावर अळूवड्यांची ताटली ठेवली नि म्हणाल्या, "कधी आलीस गं?" मला एकदम भरून आलं.

बर्लिनमधल्या आमच्या इमारतीत बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. पहिले चार महिने तिथे आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. माझी पत्रं परत जायची. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, रविवारी तर दिवसभर. एका रविवारी मी इडलीचं पीठ मिक्सरला लावलं, तर संध्याकाळी दाराला चिठ्ठी. भाषा सभ्य होती, तरी रात्रभर डोळा लागला नाही.

मग डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या आजींचं पार्सल माझ्याकडे आलं. तिथे माणूस घरी नसला की शेजाऱ्याकडे देतात. पोचवायला गेले, सोबत डब्यात चार बेसनाचे लाडू. दोन दिवसांनी डबा परत आला. लख्ख धुतलेला, आणि आत खसखशीच्या केकचे दोन तुकडे. आपण अनारशाला लावतो तीच खसखस! रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवलं?

घरमालकाच्या मागे लागून बेलवरची पट्टीही त्यांनीच बदलून घेतली.

आज संध्याकाळी आईबरोबर गोखले रोडला जाणार आहे. आजींसाठी स्टीलचा डबा घ्यायचाय, कडीचा.