अर्ध्या किलोची रिंग

माझं काम स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी सुरू होतं. ड्रॉइंग घेऊन कॉलमच्या सळया मोजायच्या, रिंगांमधलं अंतर टेपनं बघायचं आणि प्रत्येक रिंगेचा हूक नीट वळलाय का ते तपासायचं. सोळा वर्षं या हुकावरून मी फिटर लोकांशी, म्हणजे सळया वळवून बांधणाऱ्यांशी, भांडत आले आहे.

रिंग म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना आडवी बांधून ठेवणारी ८ मिमी जाड सळईची चौकट. तिची दोन्ही टोकं १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घुसवायची असतात. वळणाच्या पुढे सळईच्या जाडीच्या सहापट, निदान ६५ मिमी तरी, लांबी हवी. साईटवर मात्र सर्रास ९० अंशांचा काटकोन मारतात. एरवी काही बिघडत नाही. भूकंपात कॉलमवरचं काँक्रीटचं कव्हर आधी फुटून पडतं. त्या क्षणी काटकोनातली रिंग पाकिटाच्या झाकणासारखी उघडते, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि कॉलम बसतो. १३५ ची रिंग तेवढ्यात सुटत नाही. एवढंच, पण ते लोकांना पटवता पटवता घसा बसतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यात कंपनीच्या मागे लागून फिटर आणि गवंड्यांची एक तुकडी मी भूजच्या स्मृतिवनात नेली. भुजियो डुंगरावरचं हे स्मारक आणि संग्रहालय २०२२ मध्ये खुलं झालं. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छ हादरलं, त्यात गेलेल्यांची नावं तिथल्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर आहेत. एकेका माणसाच्या नावाची पाटी, अशा हजारो. ज्यांना माझं ऐकू येत नाही त्यांना हे तरी दिसेल, असा माझा हिशोब होता.

भूकंपाचा अनुभव देणाऱ्या दालनात जमीन हलायला लागली तशी आमची तरुण पोरं ओरडली, मग हसली, बाहेर येऊन मोबाईल काढून फोटोला उभी राहिली. मला राग आला. अण्णा, आमचा सगळ्यात जुना फिटर, त्यांच्यात नव्हता. तो बाहेर येऊन पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं असा आवाज नव्हता. आमच्याकडं माती पडल्याचा आवाज होता."

अण्णा औसा तालुक्यातला आहे हे मला माहीत होतं. किल्लारीच्या भूकंपात तो तेरा वर्षांचा होता हे त्या दिवशी कळलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, सगळा गाव दमून झोपलेला. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पाऊस गळू नये म्हणून वर्षागणिक वर मातीचा थर चढवलेला. भिंती हातभर जाड, बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि चिपा. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. "खणाचे लाकडी खांब तसेच उभे होते मॅडम. भिंतीच तेवढ्या दोन्हीकडं सांडल्या. आजी भिंतीकडंला झोपायची."

हे त्याने ज्या बारकाईनं सांगितलं, तसं मी भल्याभल्या इंजिनिअरांकडून ऐकलेलं नाही. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भागात होतं. २००२ च्या फेरबदलात तो पहिला भागच रद्द झाला. आजही "आपल्याकडे कुठे भूकंप होतो?" म्हणणाऱ्या मालकांना मी हेच सांगते. आणि अहमदाबादचं सांगते. २००१ च्या कच्छच्या भूकंपाचं केंद्र दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, तरी खाली मोकळं पार्किंग आणि वर भरगच्च मजले असलेल्या कितीतरी इमारती तिथं कोसळल्या.

मी अण्णाला विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, "एवढं सगळं तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. मग तुमच्या टोळीच्या रिंगा काटकोनात का असतात?"

तो चिडला नाही. खाली पडलेली काडी उचलून जमिनीवर चौकट काढली. "ही रिंग. तीन कोपरे, दोन हूक. पाच वेळा वळवायची. वजन किती?" मी मनात हिशोब केला, ३०० बाय ४५० मिमीच्या कॉलमची रिंग साधारण अर्धा किलो. "आणि २५ मिमीची सळई, तीन मीटरची?" साडेअकरा किलो. "ती उचलून उभी केली, तार बांधली, झालं. तेवढं वजन रिंगात भरायला वीस-बावीस रिंगा वळवाव्या लागतात. तुमी पैसे किलोवर देता, अन् हूक १३५ चा मागता. पोरं काय करतील?"

मी गप्प झाले. लोखंडाचा दर वजनावर असतो हे मला काय नवीन नव्हतं, बिलं मीच तपासते. पण ज्या तुकड्यावर कॉलमचा जीव अवलंबून, त्यालाच सगळ्यात कमी मजुरी पडते, हे सोळा वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. मी त्यांना आळशी समजत होते. साईटवर, सगळ्यांसमोर, तसं म्हटलेलंही आहे.

उतरताना अण्णा बंधाऱ्याच्या भिंतीपाशी थांबला. गुजराती अक्षरं जमतील तशी जुळवत एकेक नाव वाचत होता. बस सुटायची वेळ झाली तरी त्याला हाक मारायचं माझ्यानं झालं नाही.

परत आल्यावर मी रिंगांसाठी वेगळा दर मागणारी टिपणी पाठवली, वजनावर नाही, नगावर. खरेदी विभागानं ती परत पाठवली. शेरा एका ओळीचा: "अशी पद्धत इतरत्र नाही." मी दुसऱ्यांदा पाठवली आहे. या वेळी सोबत अण्णानं वळवलेल्या दोन रिंगा जोडल्या, एक काटकोनाची, एक १३५ ची. काटकोनाची हातानं ओढली की उघडते. फाईलबरोबर त्या टेबलावरून टेबलावर फिरताहेत. कुणी ओढून बघितली का, ते अजून कळलेलं नाही.

परवा सातव्या मजल्याचे कॉलम तपासायला गेले. अण्णाच्या टोळीचे सगळे हूक आत वळलेले होते, बीमच्या सांध्यातले सुद्धा, जिथं हात घालायला जागा नसते. दर जुनाच आहे. मी पोरांना विचारलं, किती वाजेपर्यंत थांबलात? कुणी सांगितलं नाही.