एरिन फिलिप्सच्या कारकिर्दीतील रिकामी अठरा वर्षे

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील (लांबट चेंडू हात आणि पाय दोन्हींनी खेळायचा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा खेळ) महिला खेळाडूंची चर्चा निघाली की एरिन फिलिप्सचे नाव बहुतेक वेळा पदके आणि पुरस्कारांच्या यादीसह घेतले जाते. ती यादी खरोखरच मोठी आहे. मला मात्र तिच्या कारकिर्दीत सर्वाधिक बोलका वाटतो तो काळ, ज्यात तिने हा खेळ खेळलाच नाही.

एरिनचा जन्म 1985 साली झाला. तिचे वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट ॲडलेड क्लबचे नामवंत बचावपटू. साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये त्यांनी या क्लबसाठी आठ विजेतेपदे मिळवली. ज्या घरात फुटबॉल हाच रोजचा विषय होता, त्या घरातील ही मुलगी लहानपणी मुलांच्या संघात खेळत होती आणि त्यांच्यापेक्षा कुठेही कमी पडत नव्हती. तेरा वर्षांची झाल्यावर तिला थांबावे लागले, कारण त्या वयानंतर मुलींना मुलांबरोबर खेळण्याची मुभा नव्हती आणि ज्याला व्यवसाय म्हणता येईल असा मुलींचा फुटबॉल तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मुलगा असती तर वडिलांच्या पुण्याईने तिच्यापुढे पायघड्या घातल्या गेल्या असत्या. इथे वडिलांचे नाव असूनही दार बंद झाले.

ती बास्केटबॉलकडे वळली आणि तिथे तिने जे मिळवले ते कोणाही खेळाडूला आयुष्यभर पुरले असते. 2006 साली ऑस्ट्रेलियाच्या संघातून तिने जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले, 2008 साली बीजिंग ऑलिम्पिकचे रौप्य मिळवले आणि अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमध्ये 2012 साली इंडियाना फीव्हरबरोबर, तर 2014 साली फीनिक्स मर्क्युरीबरोबर ती विजेती ठरली. या साऱ्याला ‘दुसरी पसंती’ म्हणणे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. पण पहिली पसंती तिला निवडताच आली नव्हती, हेही तितकेच खरे.

महिलांची राष्ट्रीय लीग, म्हणजे एएफएलडब्ल्यू, फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा एरिन एकतीस वर्षांची होती. ॲडलेड या क्लबने (वडिलांच्या पोर्ट ॲडलेडहून हा वेगळा) तिला दुसऱ्या खेळातून आलेली ‘रूकी’, म्हणजे नवखी खेळाडू, म्हणून करारबद्ध केले होते. मेलबर्नमधील पहिल्याच सामन्याला, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड, इतकी गर्दी लोटली की मैदानाचे दरवाजे बंद करावे लागले आणि असंख्य लोक बाहेरच राहिले. प्रेक्षकांचा हा उत्साह आणि खेळाडूंना मिळणारे मानधन यांचा मात्र काही मेळ नव्हता. आठ संघ, सात फेऱ्या आणि थेट अंतिम सामना, एवढाच हंगाम होता. प्रत्येक क्लबच्या मोजक्या आघाडीच्या खेळाडूंना 27,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत असताना बहुसंख्य खेळाडूंच्या वाट्याला जेमतेम 8,500 डॉलर येत होते. त्यामुळे दिवसा शिक्षिका, परिचारिका किंवा पोलीस म्हणून काम करायचे आणि संध्याकाळी सरावाला जायचे, हाच अनेकींचा दिनक्रम होता. ज्या खेळात धावत्या प्रतिस्पर्ध्याला अडवून जमिनीवर पाडणे हे रोजचेच काम आहे, तो खेळ दिवसभराच्या नोकरीनंतर उरलेल्या ताकदीवर खेळायचा, याला व्यावसायिक म्हणणे मला धाडसाचे वाटते.

त्या पहिल्या हंगामात एरिनने अठरा वर्षांची कसर भरून काढली. ॲडलेडने अंतिम सामन्यात ब्रिस्बेनला 35-29 असे हरवले. त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला मिळाला आणि संपूर्ण लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही तिनेच पटकावला. बास्केटबॉलच्या कोर्टावर अंगी बाणलेली गोष्ट, म्हणजे गर्दीतही अर्धा क्षण डोके शांत ठेवून मोकळा सहकारी शोधणे, तिच्या खेळात स्पष्ट दिसत होती. बाकीच्या अनेकजणी चेंडू हाती येताच घाईने लाथाडत असताना ती आधी पाहत असे आणि मग किक मारत असे.

31 मार्च 2019 रोजी ॲडलेड ओव्हलवर कार्लटनविरुद्धचा अंतिम सामना पाहायला 53,034 लोक आले होते. तिसऱ्या सत्रात एरिनचा गुडघा वळला आणि त्यातील एसीएल हा, हाडांना जोडून ठेवणारा लिगामेंट फाटला. तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेताना सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि कार्लटनच्या खेळाडूही तिच्याजवळ आल्या होत्या. ॲडलेडने तो सामना 45 गुणांनी जिंकला. शेवटपर्यंत मैदानावर नसूनही सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली, आणि काही दिवसांतच लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दुसऱ्यांदा तिच्या नावावर झाला. एसीएलची दुखापत महिला फुटबॉलपटूंमध्ये पुरुषांपेक्षा बरीच अधिक आढळते. त्याची कारणे शरीररचनेत शोधली जातात, पण लहान वयात उडी मारून उतरण्याचे आणि टक्कर झेलण्याचे शिक्षणच मुलींना मिळालेले नसते, याकडेही पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असा गुडघा घेऊन ती थांबली असती तर कोणी बोल लावला नसता. ती परतली आणि एप्रिल 2022 मध्ये मेलबर्नला हरवून तिसरे विजेतेपदही मिळवले. त्याच वर्षी लीग अठरा संघांची झाली, किमान मानधन 20,239 डॉलरवरून 39,184 डॉलरवर गेले, आणि पोर्ट ॲडलेडच्या पहिल्यावहिल्या महिला संघाचे कर्णधारपद तिने स्वीकारले. विजेता संघ सोडून नवख्या संघात जाणे हिशेबी माणसाला पटणारे नव्हते. पहिल्या हंगामात विजय विरळाच मिळाले. संघात तिच्याहून निम्म्या वयाच्या मुली होत्या आणि त्यांना घडवण्याचे कामही बरेचसे तिच्यावरच होते. पण वडिलांच्या क्लबकडून खेळण्याची जी वाट तेराव्या वर्षी बंद झाली होती, ती सदतिसाव्या वर्षी उघडली होती.

2023च्या हंगामानंतर ती निवृत्त झाली. त्याच वर्षी लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या नव्या करारात महिला खेळाडूंसाठी बारमाही करारांची तरतूद करण्यात आली.