काकांचा एक डॉलर आणि पुतण्याचे पाच हजार

भोसरीत छोटा कारखाना चालवणारे माझ्या वडिलांचे एक जुने स्नेही मागच्या महिन्यात अठरा पानांचा करार घेऊन घरी आले. अमेरिकेतल्या एका खरेदीदाराला ते व्हॉल्व्हचे पितळी सुटे भाग पुरवणार आहेत आणि त्या खरेदीदाराच्या वकिलांनी कराराचा मसुदा पाठवला होता. मी वकिली करत नाही. पुण्यातल्या एका कार्यालयात बसून अमेरिकी कंपन्यांचे करार वकिलांच्या टेबलावर जाण्यापूर्वी वाचणे आणि खटकणाऱ्या जागा दाखवून देणे, हे माझे गेल्या पंधरा वर्षांचे काम आहे. काकांनी पहिल्याच पानावरची एक ओळ पेन्सिलने अधोरेखित करून आणली होती. एक डॉलर आणि अन्य मौल्यवान प्रतिफल मिळाल्याचे उभय पक्ष मान्य करतात, अशा अर्थाची ती ओळ होती. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “हा डॉलर मला कोणी दिला? आणि मी तो मिळाला म्हणून सही कशी करायची?”

प्रश्न भाबडा वाटला तरी अमेरिकी करार-कायद्याच्या गाभ्यालाच हात घालणारा होता. प्रस्ताव आणि स्वीकृती एवढ्याने तिथे करार पुरा होत नाही. दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावे लागते, निदान देण्याचे कबूल करावे लागते. या देवाणघेवाणीलाच प्रतिफल म्हणतात. नुसता शब्द, मग तो कितीही मनापासून आणि चार माणसांच्या साक्षीने दिलेला असो, तेवढ्यावर न्यायालयात दावा लावता येत नाही. जुन्या वकिलांनी त्यावर काढलेली तोड म्हणजे हा एक डॉलर. खरे तर निव्वळ दिखाव्याचा डॉलर आज पुष्कळ न्यायालये मोजत नाहीत. पण काकांच्या करारात माल आणि पैसे यांची खरीखुरी अदलाबदल असल्यामुळे त्या ओळीने काही बिघडत नव्हते, आणि ती खोडायला लावून दोन दिवसांचा पत्रव्यवहार ओढवून घेण्यात अर्थ नव्हता.

काकांचे समाधान झाले नाही, म्हणून मी त्यांना दुसऱ्या एका काकांची गोष्ट सांगितली. २० मार्च १८६९ रोजी स्टोरी कुटुंबातल्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सगळे गोत जमले होते. विल्यम स्टोरी या गृहस्थाने आपल्याच नावाच्या पुतण्याला पाहुण्यांसमोर सांगितले की, एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत तू दारू, तंबाखू, शिव्या आणि पैसे लावून पत्ते किंवा बिलियर्ड खेळणे यांपासून दूर राहिलास तर मी तुला ५,००० डॉलर देईन. पुतण्याने ते पाळले. १८७५ च्या जानेवारीत एकविसावे पुरे झाल्यावर त्याने काकांना पत्र लिहिले आणि ६ फेब्रुवारीला बफेलोहून उत्तर आले.

ते उत्तर निकालपत्रात उद्धृत केलेले आहे आणि मला ते कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा अधिक वाचनीय वाटते. पैसे तुझेच आहेत, तुला ते नक्की मिळतील, असे काका प्रथम स्पष्ट सांगतात. मग आपण पहिले पाच हजार किती कष्टाने जमवले याची कहाणी सुरू होते. रंधा मारला, खाटकाचे काम केले, मग शहरात येऊन वाणसामानाच्या दुकानात नोकरी मिळवली, पहाटे दुकान उघडायचे, रात्री उशिरा बंद करायचे आणि त्या रिकाम्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एकट्याने झोपायचे. तुला पैसा सांभाळण्याची अक्कल येईपर्यंत मी तो माझ्याकडे ठेवतो, असा पत्राचा एकूण सूर आहे. शेवटी ताजा कलम म्हणून एक ओळ येते की, या रकमेवर व्याज चालू आहे असे समज. आपल्याकडच्या कोणत्याही घरातल्या थोरल्या काकांनी अगदी असेच पत्र लिहिले असते.

पुतण्याने हे मान्य केले. १८८७ च्या जानेवारीत काका वारले, पैसे तसेच राहिले. तोवर हा हक्क हस्तांतरित होत हॅमर नावाच्या बाईंकडे आला होता. त्यांनी दावा लावला आणि मृताच्या इस्टेटीचा कारभार पाहणाऱ्या सिडवे यांनी तो नाकारला. सिडवे यांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता. दारू-तंबाखू सोडल्याने भले झाले ते पुतण्याचे, काकांना त्यातून काय मिळाले? मग प्रतिफल कुठे आहे? न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८९१ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. वचन देणाऱ्याचा फायदा झाला की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. कायद्याने जे करण्याची पुतण्याला मुभा होती ते त्याने काकांच्या शब्दावर विसंबून सोडले, एवढे प्रतिफल पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले. दावा लावण्याची कायदेशीर मुदत उलटल्याचा प्रश्नही त्या पत्रानेच सुटला, कारण पैसे राखून ठेवल्याचे लिहून देऊन काका विश्वस्ताच्या भूमिकेत गेले होते, असे न्यायालयाने मानले.

आपला भारतीय करार कायदा १८७२ चा, म्हणजे या निकालाच्या एकोणीस वर्षे आधीचा, आणि त्याच्या दुसऱ्या कलमातील प्रतिफलाच्या व्याख्येत एखादी गोष्ट करण्याबरोबर ती ‘न करणे’ही नमूद आहे. शिवाय आपल्याकडे दोन सवलती जास्त आहेत. वचन देणाऱ्याच्या सांगण्यावरून आधीच केलेले काम प्रतिफल म्हणून चालते, जे अमेरिकेत सहसा चालत नाही. आणि कलम २५ प्रमाणे जवळच्या नातेवाइकांमध्ये केवळ मायेपोटी, पण लेखी आणि नोंदणीकृत केलेला करार प्रतिफलाशिवायही टिकतो. अमेरिकी कायद्याला मायेची भाषा कळत नाही. तिथे नेब्रास्कातल्या एका आजोबांनी नातीला नोकरी करावी लागू नये म्हणून २,००० डॉलरची वचनचिठ्ठी लिहून दिली, नातीने हिशेबनिसाची नोकरी सोडली आणि पुढे आजोबा वारल्यावर कारभाऱ्याने पैसे नाकारले. १८९८ मध्ये नात जिंकली, पण शब्दावर विसंबून तिने स्वतःचे नुकसान करून घेतले होते, या कारणासाठी. आजोबांच्या प्रेमाचा त्यात संबंध नव्हता.

काकांची दुसरी शंका सहीबद्दल होती. “मी सही केली, पण मनात नव्हते, असे म्हणता येते का?” येत नाही, आणि याबाबतचा व्हर्जिनियातला १९५४ चा निकाल अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवला जातो. १९५२ च्या डिसेंबरात, नाताळ चार-पाच दिवसांवर असताना, लूसी नावाचे गृहस्थ रात्री व्हिस्कीची बाटली घेऊन झेमर यांच्या हॉटेलात आले. झेमर यांची ४७१.६ एकरांची शेतजमीन त्यांना कित्येक वर्षांपासून हवी होती. पीत पीत बोलणे निघाले आणि ५०,००० डॉलरचा आकडा ठरला. गिऱ्हाइकाचे बिल लिहायच्या कागदाच्या पाठीमागे झेमर यांनी ‘मी जमीन विकतो’ असे लिहिले. मग पत्नीचीही सही हवी म्हणून तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर ‘आम्ही’ असे लिहून दोघांनी सह्या केल्या. लूसींनी व्यवहार पक्का करण्यासाठी पाच डॉलर पुढे केले, आपण ज्याला इसार म्हणतो तो, पण झेमर यांनी तो घेतला नाही. पुढे ते म्हणाले की आम्ही सगळे गमतीत आणि नशेत बोलत होतो, पत्नीलाही मी हळूच तसे सांगितले होते.

न्यायालयाने त्या कागदाकडे पाहिले. चर्चा अर्ध्या तासाहून अधिक चालली होती, मजकूर एकदा बदलून पुन्हा लिहिला गेला होता, मालकीहक्क निर्वेध असण्याची अटही त्यात होती. मनात काय होते ते महत्त्वाचे नाही, समोरच्या समंजस माणसाला शब्दांवरून आणि वागण्यावरून काय वाटले असते ते महत्त्वाचे, असे सांगून न्यायालयाने जमीन लूसींच्या नावावर करून द्यायला लावली. जमिनीचा करार लेखी असावा लागतो, हा नियम इंग्लंडच्या १६७७ च्या कायद्यातून अमेरिकेत आला आहे. बिलामागच्या त्या दीड ओळीने तोही पुरा झाला. हीच कसोटी उलट्या बाजूनेही लागते. ७० लाख पॉइंट जमवा आणि लढाऊ विमान न्या, अशी पेप्सीची जाहिरात खरी मानून एका तरुणाने सुमारे सात लाख डॉलरचा धनादेश पाठवला होता, तेव्हा १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने सांगितले की कोणताही समंजस माणूस ही थट्टा आहे हे ओळखेल.

आता नीतीचा मुद्दा. अमेरिकेतले न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८९७ मध्ये बोस्टनमधल्या एका व्याख्यानात असे मांडले होते की, करार पाळण्याचे कर्तव्य म्हणजे, तो न पाळल्यास भरपाई द्यावी लागेल असे भाकीत, त्याहून अधिक काही नाही. मला हे वाक्य अनेक वर्षे निष्ठुर वाटत आले आहे, पण रोजचे करार वाचताना त्याचा प्रत्यय येतो. अमेरिकी वकील करार मोडण्याला पाप मानत नाही, खर्च मानतो, आणि तो खर्च आधीच कलमात लिहून ठेवतो. तरीही त्या कायद्यात नीतीला मागच्या दाराने प्रवेश आहे. विक्री-व्यवहारांसाठी १९५२ मध्ये तयार झालेली एकरूप व्यापारी संहिता (पेनसिल्व्हेनियाने ती पहिल्यांदा स्वीकारली, लुइझियानाने विक्रीचा भाग आजवर स्वीकारलेला नाही) प्रत्येक करारात सद्भावनेने वागण्याचे बंधन गृहीत धरते आणि मुळातच विवेकाला न पटणारा करार नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला देते.

या दुसऱ्या तरतुदीमागचे माणूस पाहायचे असेल तर वॉशिंग्टनमधला १९६५ चा निकाल पाहावा. सात मुलांना एकटीने वाढवणारी, महिना २१८ डॉलरच्या सरकारी मदतीवर जगणारी एक बाई एका फर्निचर दुकानातून हप्त्यांवर वस्तू घेत होती. छापील करारातल्या एका किचकट कलमानुसार तिने भरलेला प्रत्येक हप्ता सगळ्या जुन्या वस्तूंवर थोडा थोडा वाटला जाई, त्यामुळे एकही वस्तू कधीच पूर्ण तिची होत नसे. एकूण १,८०० डॉलरच्या खरेदीपैकी १,४०० डॉलर भरून झाले होते. १९६२ मध्ये तिने ५१४.९५ डॉलरचा स्टीरिओ घेतला, हप्ता चुकला आणि दुकानदाराने सगळ्याच वस्तू परत मागितल्या. स्टीरिओच्या कराराच्या पाठीमागे तिच्या समाजसेविकेचे नाव आणि त्या २१८ डॉलरची नोंद दुकानदारानेच केलेली होती; म्हणजे तिची ऐपत माहीत असूनच विक्री झाली. अपील न्यायालयाने सांगितले की, जिच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता आणि जिला अटी समजण्याची संधीच नव्हती, तिच्याविरुद्ध असा एकतर्फी करार जसाच्या तसा राबवता येणार नाही, आणि खटला या कसोटीवर पुन्हा तपासण्यासाठी खाली पाठवला.

काकांच्या करारात मला खरी अडचण दिसली ती चौदाव्या पानावर. पुरवठा थांबल्यानंतर दोन वर्षे काकांनी अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणालाही व्हॉल्व्हचे भाग विकू नयेत, असे कलम होते. आपल्या करार कायद्याचे कलम २७ अशा बंधनांना, धंद्याच्या नावलौकिकाच्या विक्रीसारखा अपवाद सोडला तर, सरळ शून्य ठरवते. गंमत अशी की ते कलम आले आहे न्यूयॉर्कहून. डेव्हिड डडली फील्ड नावाच्या वकिलाने न्यूयॉर्क राज्यासाठी नागरी संहितेचा मसुदा केला होता; न्यूयॉर्कने तो कधीच स्वीकारला नाही, पण कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी आपल्या कायद्यातही त्यातले हे कलम उतरले. म्हणून आजही स्पर्धाबंदीच्या बाबतीत पुणे आणि सिलिकॉन व्हॅली एका बाजूला, आणि बंधन वाजवी आहे का एवढेच पाहणारे न्यूयॉर्क दुसऱ्या बाजूला, अशी विचित्र वाटणी आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने नोकरदारांवरची अशी बंधने देशभर रद्द करण्याचा नियम केला; ऑगस्टमध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. अमेरिकेत माँटाना वगळता सर्वत्र मालकाला कारण न देता नोकरीवरून काढता येते, हे लक्षात घेतले तर त्याच मालकाने जाताना पायात बेडी घालावी, हे मला अजिबात पटत नाही.

काकांच्या करारावर न्यूयॉर्कचा कायदा लागू होणार होता, त्यामुळे कलम २७ वर भिस्त ठेवून सही करा असे मी त्यांना सांगू शकत नव्हते. आम्ही ते कलम नव्याने लिहून पाठवले: बंधन फक्त खरेदीदाराने दिलेल्या नकाशांवरून घडवलेल्या भागांपुरते, आणि मुदत सहा महिने. काकांचे स्वतःचे अकरा जुने नमुने, जे ते वीस वर्षांपासून राजकोटला आणि कोइंबतूरला विकतात, त्यांची यादी परिशिष्टात जोडली. चार दिवसांनी उत्तर आले. यादी मान्य होती, मुदत त्यांनी बारा महिने केली होती. काकांनी थोडा विचार करून होकार दिला आणि मग पहिल्या पानाकडे वळून म्हणाले, “तो डॉलर मात्र मी मागून घेणार आहे.” पहिल्या ऑर्डरच्या बिलात त्यांनी खरोखरच तो स्वतंत्र ओळीत लावला आहे, खरेदीदाराच्या हिशेब विभागाने तो कशाचा, अशी विचारणा परवा केली आहे, आणि त्या मेलचे उत्तर माझ्याकडे पडून आहे.